स्विंडन कोणी वाढवलं?

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं स्विंडन हे मुळात टेकडीवरचं एक बाजारगाव. १८०१ च्या जनगणनेत तिथे जेमतेम बाराशे माणसं होती. २०२१ मध्ये आजूबाजूची गावं धरून स्विंडन बरोची लोकसंख्या २ लाख ३३ हजारांच्या घरात गेली. या वाढीचं श्रेय सहसा जागेला दिलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. लंडनहून इथवरचा लोहमार्ग जवळपास सपाट, पुढे चढउतार. त्यामुळे इंजिन बदलायला ही जागा सोयीची. चेल्टनहॅमचा फाटा इथूनच निघणार होता आणि शेजारच्या कालव्यातून कोळसा येत होता. १८४० मध्ये डॅनियल गूच या तरुण अभियंत्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मुख्य अभियंता ब्रुनेल याला हीच जागा सुचवली आणि १८४३ च्या जानेवारीत या रेल्वे कंपनीचा कारखाना सुरू झाला. पण सोयीची जागा म्हणजे शहर नव्हे. याच मार्गावर डिडकॉटलाही ऑक्सफर्डचा फाटा फुटतो. ते गाव विसाव्या शतकातही बराच काळ लहानच राहिलं. फरक पडला तो स्विंडनमध्ये माणसांसाठी घेतलेल्या निर्णयांनी.

कारखान्यासमोर कंपनीने सुमारे तीनशे दगडी घरं बांधली. गल्ल्यांना नावं दिली ती मार्गावरच्या स्थानकांची: बाथ, एक्झिटर, टाँटन, रेडिंग. खरं मोल मात्र घरांसोबत जे उभं राहिलं त्याचं आहे. १८४७ मध्ये वैद्यकीय निधी सुरू झाला. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाई आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, औषधं, पुढे रुग्णालयही मिळे. १८९२ मध्ये मिल्टन रोडवर पोहण्याचे तलाव आणि स्नानगृहं बांधली गेली. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन या कामगारांच्या संस्थेत वाचनालय होतं, व्याख्यानं होत, नाटकं होत. राष्ट्रीय आरोग्य सेवा देशाला १९४८ मध्ये मिळाली. स्विंडनच्या कामगारांना तिचा गावापुरता अनुभव शंभर वर्षं आधीच होता. कंपनीने हे आपल्याच स्वार्थासाठी केलं, कुशल कामगार टिकवायला केलं, असा आक्षेप घेता येईल. कंपनीचा स्वार्थ होताच, पण निधीतला पैसा कामगारांच्या घामाचा होता. वाचनालयाची गरजही त्यांनीच ओळखली होती. म्हणून या संस्थांना मालकाची मेहेरबानी म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकाच कारखान्यावर उभं राहिलेलं गाव त्या कारखान्याबरोबर बुडायला हवं. स्विंडन बुडालं नाही, कारण धोका आधीच ओळखला गेला होता. १९५२ च्या टाउन डेव्हलपमेंट कायद्याचा फायदा घेऊन नगरपालिकेने लंडनच्या गर्दीतली कुटुंबं आणि नवे उद्योग दोन्ही एकत्र आणले. त्यामागे डेव्हिड मरे जॉन या टाउन क्लार्कची, म्हणजे नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्याची, चिकाटी होती. पेनहिल, वॉलकॉट, पार्क अशा वसाहती झाल्या, मोटारींचे पत्रे घडवणारा कारखाना आला, पुढे एम-४ महामार्गही झाला. १९८६ मध्ये रेल्वे कारखाना बंद पडला तेव्हा घाव खोल होता, पण गावाला इतर आधार होते. २०२१ मध्ये होंडाचा कारखाना गेला, तेव्हाही तसंच झालं. दरम्यान पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे युरोपात आलेली गोव्याची हजारो माणसं इथे स्थायिक झाली. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कित्येक घरांना म्हणूनच स्विंडन हे नाव ओळखीचं आहे.

आता शहराच्या पूर्वेला सुमारे ८ हजार घरांची नवी वस्ती आकार घेते आहे. घरांची टंचाई खरी आहे, त्यामुळे बांधकामाला विरोध करण्यात शहाणपण नाही. पण घरांच्या आकड्यालाच विस्तार म्हणणं मात्र स्विंडनच्याच इतिहासाशी जुळत नाही. शाळा, दवाखाना आणि बस पहिल्या कुटुंबांबरोबरच पोचायला हवी. ज्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनने हे शहर घडवलं, तिची इमारत १९८६ नंतर दशकानुदशकं रिकामी पडून राहिली. नवी वस्ती बांधणाऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहावं.