निम्मी यंत्रं बंद पडली, तरी काम तेवढंच
चीनच्या सिचुआन प्रांतात पावसाळ्यात नद्या फुगल्या, की जलविद्युत केंद्रांची वीज मातीमोल भावाने मिळे. बिटकॉइनचे ‘मायनर’ त्या हंगामात हजारो यंत्रं ट्रकमध्ये घालून तिथे नेत. हिवाळ्यात पाणी कमी झालं, की मुक्काम शिनजियांगला, कोळशाच्या विजेवर. २०२१च्या मे-जूनमध्ये चीन सरकारने या धंद्यावर टाच आणली आणि काही आठवड्यांत जगातली जवळजवळ निम्मी यंत्रं थंडावली.

व्यवहार मात्र थांबले नाहीत.

या यंत्रांचं काम तसं एकसुरी. व्यवहारांच्या गठ्ठ्याला, म्हणजे ‘ब्लॉक’ला, एक आकडा जोडायचा, एसएचए-२५६ या सूत्रातून तो गठ्ठा दोनदा काढायचा आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली येतं का ते पाहायचं. नाही आलं, तर आकडा बदलून पुन्हा. आजचं एक यंत्र सेकंदाला शंभर लाख कोटींहून जास्त असे प्रयत्न करतं आणि तीन किलोवॉटहून जास्त वीज ओढतं. दीड टनाचे दोन एसी अहोरात्र चालावेत तशी. ज्याला उत्तर आधी सापडेल त्याला बक्षीस: २००९मध्ये ५० बिटकॉइन, एप्रिल २०२४पासून ३.१२५.

यंत्रं वाढली तर ब्लॉक भराभर तयार व्हायला हवेत. तसं फार काळ होत नाही. दर २,०१६ ब्लॉकनंतर नेटवर्क स्वतःच ती मर्यादा, म्हणजे काठिण्यपातळी, बदलतं, जेणेकरून एका ब्लॉकला सरासरी दहाच मिनिटं लागावीत. चीनमधल्या बंदीनंतर हा वेळ चौदा मिनिटांवर गेला. ३ जुलै २०२१ रोजी काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली आणि घडी पुन्हा बसू लागली. मग एवढी वीज ओढून काय मिळतं? जास्त विजेमुळे नेटवर्कवर हल्ला करणं महाग होतं, हे खरंच. पण वीज वाढते ती बिटकॉइनच्या भावाबरोबर, वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर नव्हे. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार हा खप वर्षाला शंभर अब्ज युनिटच्या पुढे गेला आहे. एवढ्या विजेचा हिशेब समाजाने मागायलाच हवा.

चीनमधून निघालेली बरीच यंत्रं टेक्सास आणि कझाकस्तानात पोचली. कझाकस्तानात त्याच हिवाळ्यात वीज अपुरी पडली आणि जानेवारी २०२२मध्ये मायनरांचा पुरवठा तोडावा लागला.

वीज वाचवण्याची वाट इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाच्या नेटवर्कने दाखवली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने ही आकडेशोधाची शर्यतच बंद केली. आता स्वतःचं इथर चलन तारण ठेवणारे लोक व्यवहारांची खातरजमा करतात. लबाडी केली तर तारण कापलं जातं. विजेचा खप ९९ टक्क्यांहून जास्त घटला. बिटकॉइनमध्ये असा बदल करायचा तर मायनरांची यंत्रांमधली बहुतेक गुंतवणूक बुडेल, कारण त्यांच्या यंत्रांना एसएचए-२५६ची आकडेमोड सोडून दुसरं काहीच येत नाही.