घरचा सर्व्हर आणि त्याचा परवाना

जी वस्तु फुकट मिळाली ती आपली झाली, असा पुष्कळांचा समज असतो. संगणकाच्या बाबतींत हा समज महाग पडूं शकतो. घरगुती सर्व्हराचें उदाहरण घेऊन ही गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

सर्व्हर म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. ज्याच्यासमोर कोणी बसलेलें नसतांही जो संगणक अहोरात्र चालतो, आणि घरांतील इतर संगणकांस व मोबाइलांस हवी ती माहिती पुरवितो, तो सर्व्हर होय. कन्हानकांठच्या खाप्यासारख्या विणकरांच्या गांवींही त्याचा उपयोग आहे. कुटुंबाचीं छायाचित्रें, कापडाच्या नक्षीचे नमुने, सुताचा व मजुरीचा हिशेब, मुलांचा अभ्यास, हें सारें त्यांत एके ठिकाणीं राहूं शकतें. त्याकरितां नवें यंत्र पाहिजेच असें नाहीं. एखाद्या कचेरींतून निघालेला जुना संगणकही बहुधा पुरतो.

परंतु हीं सर्व कामें एकत्र कोंबलीं, तर मुलानें प्रयोग करावा आणि वडिलांचा हिशेब बिघडावा, असा प्रसंग येतो. यावर तोड अशी कीं, एकाच यंत्रांत अनेक आभासी यंत्रें उभीं करावयाचीं. एका वाड्यांत चार बिऱ्हाडें राहतात. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळें. भिंती व विहीर मात्र समाईक. त्याप्रमाणें संगणकाची स्मृति व गणनशक्ति वांटून देऊन प्रत्येक बिऱ्हाड निराळें राखणारा जो कारभारी, त्यास हायपरव्हायजर म्हणतात. ही कल्पना आजची नव्हे. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या यंत्रांकरितां ‘व्ही.एम./३७०’ ही प्रणाली बाजारांत आणली होती. लहान संगणकांवर ही युक्ति लोकप्रिय करण्याचें श्रेय १९९८ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीस पुष्कळ अंशीं द्यावें लागेल.

आतां मुख्य प्रश्न परवान्याचा. आज्ञावली विकत घेतली म्हणजे ती आपल्या मालकीची होते असें नाहीं. ती वापरण्याचा परवाना तेवढा आपणांस मिळतो. परवान्याचे स्थूलमानानें चार प्रकार आहेत. पहिला, एकदां पैसे भरून कायमचा वापर. दुसरा, दरसाल वर्गणी. ती भरणें थांबलें कीं हक्क संपला. तिसरा, मालकाच्या मर्जीनें मिळालेला फुकट वापर. चौथा, मुक्त परवाना. यांत आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्यास देण्याचा हक्क प्रत्येकास लेखी मिळतो. तिसरा व चौथा हे दोन्ही प्रकार फुकटच दिसतात; परंतु त्यांतील भेद मेहेरबानी व हक्क यांतील भेदाइतका मोठा आहे.

याचें ठळक उदाहरण व्हीएमवेअरचेंच आहे. तिची ‘ईएसएक्सआय’ ही प्रणाली पुष्कळ हौशी लोक घरीं विनामूल्य वापरीत. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉम कंपनीनें व्हीएमवेअर विकत घेतली. लगेच डिसेंबरांत कायमच्या परवान्यांची विक्री बंद होऊन वर्गणीची पद्धत आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें विनामूल्य आवृत्तीही बंद झाली. एप्रिल २०२५ मध्यें ती पुन्हां सुरू झाली खरी. पण जी वस्तु मालकाच्या इच्छेनें जाते व त्याच्याच इच्छेनें परत येते, तिच्या भरंवशावर घरचें दप्तर ठेवावें काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें. यांत कंपनीनें अन्याय केला असें आम्ही म्हणत नाहीं. वस्तु तिचीच होती.

याउलट ‘प्रॉक्समॉक्स’ ही प्रणाली पाहा. ती ऑस्ट्रियांतील व्हिएन्ना शहरीं तयार होते. तिचा पाया म्हणजे लिनक्समध्यें २००७ पासून समाविष्ट असलेला ‘केव्हीएम’ हा भाग. तिचा परवाना मुक्त आहे. पुढें कंपनीनें धोरण बदललें, तरी आपल्या हातीं असलेल्या प्रतीवरील हक्क परवान्याच्या अटी पाळणाऱ्यापासून काढून घेतां येत नाहीं. कंपनी वर्गणी मागते ती साहाय्याबद्दल व विशेष तपासलेल्या सुधारणांबद्दल. वर्गणी नसल्यास प्रवेश करतांना तशी सूचना पडद्यावर येते. ती पाहून आपण कांहीं बेकायदा करीत आहों असें समजून घाबरूं नये.

ज्यास नेहमीच्या संगणकावरच केवळ शिकण्यापुरतें एखादें आभासी यंत्र हवें, त्यास ‘व्हर्च्युअलबॉक्स’ सोयीचें आहे. त्याचा मूळ भाग मुक्त आहे. परंतु त्यास जोडावयाच्या विस्तार-संचाचा परवाना निराळा असून तो वैयक्तिक व शैक्षणिक वापरापुरताच विनामूल्य आहे. घरच्या दुकानाचा हिशेब त्यावर ठेवूं लागलांत कीं वापर वैयक्तिक राहत नाहीं. विंडोजमधील ‘हायपर-व्ही’ प्रो आवृत्तींत मिळतें, होम आवृत्तींत मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कारभाऱ्याचा परवाना निराळा आणि बिऱ्हाडकरूचा निराळा. आभासी यंत्रांत विंडोज बसविलें, तर त्या यंत्राकरितां तिचा स्वतंत्र परवाना लागतो. तेथें डेबियन किंवा आपल्या सी-डॅक संस्थेनें तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली बसविली, तर हा खर्च वांचतो.

“घरांत कोण पाहतो?” असें म्हणून चोरटी प्रत वापरणारे आढळतात. आपल्या देशाच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें कलम ६३-ख अशा प्रतीच्या जाणूनबुजून केलेल्या वापरास लागू आहे. त्यांत सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठीं नसल्यास न्यायालयास कैद माफ करतां येते. परंतु कायद्याचें भय बाजूस ठेवलें तरी, मुक्त परवान्याची उत्तम आज्ञावली उघड मिळत असतांना चोरी करण्यास सबब उरत नाहीं. शिवाय चोरट्या प्रतींत दुसऱ्या कोणाची आज्ञावली दडलेली असल्यास सर्व बिऱ्हाडांच्या किल्ल्या त्याच्या हातीं जातात.

तेव्हां निवड करतांना हा क्रम ठेवावा. यंत्राच्या प्रोसेसरांत आभासी यंत्रांची सोय आहे ना, व ती चालू आहे ना, हें पाहावें. इंटेलमध्यें तिला ‘व्हीटी-एक्स’ व एएमडीमध्यें ‘एएमडी-व्ही’ म्हणतात. दोनचार लहान बिऱ्हाडांस सोळा जीबी स्मृति पुरेशी होते. मग परवाना संपूर्ण वाचावा, आणि उद्यां ही प्रणाली बंद झाली तर आपली माहिती दुसरीकडे नेतां येईल काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. शेवटीं, महत्त्वाच्या माहितीची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवून ती परत उघडते कीं नाहीं, हें प्रत्यक्ष करून पाहावें. वीज गेली असतां किंवा वैशाखाच्या उन्हाळ्यांत डिस्क बिघडली असतां कोणताही परवाना उपयोगीं पडत नाहीं.

घर घेतांना आपले वडील कागद वाचल्यावांचून सही करीत नाहींत. आज्ञावली घेतांना मात्र ‘मान्य आहे’ ह्या शब्दांवर आपण न वाचतां बोट ठेवतों. जे विद्यार्थी इंग्रजी चांगलें वाचतात, त्यांनीं तो मजकूर वाचून घरच्यांस मराठींत समजावून सांगितला, तर त्यांच्या शिक्षणाचा कुटुंबास खराखुरा उपयोग झाला, असें आम्ही समजूं.