चौसष्ट हजार ठिपक्यांची रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी आधीं ठिपके मोजते. रांगा आणि ठिपके ठरले, कीं आकृति कोठवर पसरेल हेंहि ठरतें. सन १९९० च्या सुमारास घरगुती संगणकावर खेळ रचणाऱ्या कारागिरांची स्थिति बहुतांशीं अशीच होती. ठिपके मोजके, रंग मोजके आणि यंत्राची शक्तिहि मोजकीच. तरीहि त्यांनीं पडद्यावर जिवंत चित्रें नाचविलीं. तीं कशीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

आयबीएम कंपनीनें १९८७ सालीं आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही चित्रव्यवस्था आणली. तिच्या 'मोड १३ एच' नांवाच्या प्रकारांत एका आडव्या ओळींत ३२० ठिपके असत आणि अशा ओळी २००. म्हणजे एकूण ठिपके ६४,०००. प्रत्येक ठिपक्यासाठीं स्मृतींत एक कप्पा, आणि त्या कप्प्यांत ० ते २५५ पैकीं एक आंकडा. तो आंकडा म्हणजे रंगाचा क्रमांक. डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमांत स्मृति ६५,५३६ कप्प्यांच्या खंडांनीं हाताळली जाई. सबंध पडदा अशा एकाच खंडांत मावला, हें कारागिरांचें मोठेंच भाग्य!

समजा, शंभर क्रमांकाच्या ओळींतील १६० क्रमांकाचा ठिपका रंगवावयाचा आहे. शंभराला ३२० नें गुणून त्यांत १६० मिळविले, कीं ३२,१६० हा कप्पा सांपडतो. तेथें आंकडा ठेवला, कीं पडद्याच्या मध्यावर ठिपका उमटतो. परंतु गुणाकार हें त्या काळच्या यंत्रास जड काम. तें सेकंदांत हजारों वेळां करावें लागलें, तर खेळ मंदावे. येथें शाळेंतील पाटीवरचीच युक्ति उपयोगी पडली. दहानें गुणतांना विद्यार्थी केवळ एक शून्य वाढवितो. यंत्राची अंकपद्धति द्विमान असल्यामुळें त्याला २५६ नें किंवा ६४ नें गुणतांना केवळ अंक डावीकडे सरकवावे लागतात. आणि ३२० म्हणजे २५६ व ६४ ह्यांची बेरीज! दोनदां अंक सरकवून बेरीज केली, कीं गुणाकारावांचून उत्तर हातीं येई.

रंगांचीहि अशीच गंमत होती. तांबडा, हिरवा व निळा ह्या प्रत्येकाच्या ६४ पायऱ्या धरल्या, कीं २,६२,१४४ छटा होतात. त्यांतून एका वेळीं २५६ निवडतां येत. ठिपक्यांना हात न लावतां केवळ क्रमांकांचे रंग फिरवीत राहिलें, कीं चित्रांतील धबधबा वाहूं लागे.

ह्या मर्यादांतूनच मोठीं कामें झालीं. जॉर्डन मेक्नर ह्यांनीं आपल्या धाकट्या भावाच्या धांवण्याचें व उड्यांचें चित्रण केलें, आणि त्यावरून 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. हा खेळ १९८९ मध्यें ॲपल २ वर निघाला आणि पुढील वर्षीं डॉसवर आला. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन ३डी' मध्यें दृश्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठीं एकच किरण सोडलेला कल्पिला होता. तो भिंतीवर जितक्या लवकर आदळे, तितकी ती पट्टी उंच काढावयाची. एवढ्यानेंच सपाट पडद्यावर खोली भासूं लागली.

महाराष्ट्रांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत बोरलंड कंपनीचें टर्बो सी पुष्कळ वर्षें शिकविलें गेलें. त्याच्या तयार चित्र-आज्ञांनीं वर्तुळें व रेषा काढतां येत. परंतु त्यांची व्हीजीए सोय १६ रंगांपुरतीच होती. म्हणून २५६ रंगांची हौस असलेला विद्यार्थी थेट स्मृतींत हात घाली, आणि त्यामुळेंच यंत्राच्या अंतरंगाशीं त्याचा परिचय होई.

आजच्या संगणकांत सामान्य कार्यक्रमास पडद्याच्या स्मृतीला असा थेट स्पर्श करूं दिला जात नाहीं. सुरक्षिततेसाठीं तें योग्यच आहे. पण त्यामुळें जुने खेळ नव्या यंत्रावर आपण होऊन चालत नाहींत, आणि ज्या चुंबकीय तबकड्यांवर ते होते, त्याहि कालांतरानें निकामी होतात. २००२ पासून उपलब्ध झालेला डॉसबॉक्स हा कार्यक्रम नव्या संगणकांत जुन्या संगणकाचें सोंग हुबेहूब वठवितो, म्हणून त्यांतील पुष्कळ खेळ अद्याप जिवंत आहेत. 'वुल्फेन्स्टाइन'ची मूळ लिखित आज्ञावली १९९५ मध्यें व त्याच कंपनीच्या 'डूम'ची १९९७ मध्यें प्रसिद्ध झाली. जिज्ञासु विद्यार्थ्यास ती आजहि वाचतां येते.

ह्या खेळांचें जतन केवळ करमणुकीसाठीं नव्हे. पडद्यावरील प्रत्येक ठिपका कोठून आला, हें एका मनुष्यास आरंभापासून अखेरपर्यंत समजूं शकेल, असें तें यंत्र होतें. घरांतील एकाद्या मुलानें डॉसबॉक्समध्यें स्वतःच्या गणितानें एक ठिपका जरी योग्य जागीं उमटविला, तरी संगणक ही त्याच्या दृष्टीनें जादूची पेटी राहणार नाहीं. तें बुद्धीनें उकलणारें यंत्र ठरेल.