हिशेब मिटला असं वाटतं तिथे

बुद्धिबळ शिकणारी मुलं डावपेच ओळखायला लागतात ती डावाच्या मध्यावर. घोड्याने राजा आणि वजिरावर एकदम केलेला हल्ला, उंटाने जागीच अडकवलेला हत्ती हे लवकर नजरेत बसतं. पण पटावर पाच-सहा मोहरे उरले की तीच नजर सैल पडते. आता युक्ती कसली, चाली मोजल्या की झालं, असं वाटू लागतं. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या काही गाजलेल्या एंडगेमकडे मागे वळून पाहिलं, तर हा समज किती महागात पडतो ते कळतं.

सुरुवात 1895 पासून करावी लागते. ग्लासगोच्या ‘वीकली सिटिझन’मध्ये बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या बार्बिए यांनी एका जुन्या डावाच्या आठवणीवरून एक स्थिती छापली. पांढऱ्याकडे राजा आणि सी-६ वरचं प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. प्यादं एक घर पुढे सरकतं, काळा बाजूने शह देत राहतो, पांढरा राजा घराघराने खाली उतरत सी-२ वर येतो आणि शह संपतात. मग काळा हत्ती डी-४ वर जाऊन सापळा लावतो. पांढऱ्याने सी-८ वर वजीर केला की काळा सी-४ वर हत्ती देऊन शह देतो. वजिराने तो मारला की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही आणि चालही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत.

ग्लासगोत राहणाऱ्या साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी यावर उत्तर काढलं: वजीर नको, हत्ती करा! आता सी-४ वरचा शह फुकट जातो, कारण हत्तीने मारलं तरी काळ्या राजाला जायला घर उरतं. शिवाय नवा हत्ती ए-८ वर जाऊन मात देण्याची धमकी असते. काळा ती ए-४ वर अडवतो, तेव्हा पांढरा राजा बी-३ वर येतो. तिथून तो काळ्या हत्तीवर हल्ला करतो आणि त्याच वेळी सी-१ वरची मात तयार होते. दोन्ही टाळणं अशक्य. आठव्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीरच करायचा, ही सवय सोडल्यावरच ही चाल दिसते.

1921 मध्ये बुद्धिबळपटू रेटी यांनी मांडलेली स्थिती आणखी साधी आहे. दोन राजे आणि दोन प्यादी, बस. पांढरा राजा एच-८ वर आहे. काळं प्यादं त्याच्या हातून निसटलेलं दिसतं आणि स्वतःचं प्यादंही तिकडे ए-६ वरच्या काळ्या राजाच्या तावडीत आहे. पण राजाला सरळ गेलं काय आणि तिरकं गेलं काय, चाली तितक्याच लागतात. म्हणून तो जी-७, एफ-६, ई-५ असा तिरका येतो आणि प्रत्येक चालीत काळं प्यादं पकडणं आणि स्वतःचं वाचवणं या दोन्ही कामांच्या जवळ सरकतो. काळ्याला एकच काम अडवता येतं. डाव बरोबरीत सुटतो.

1998 च्या लिनारेस स्पर्धेत टोपालोव्हविरुद्ध शिरोव्हने ही दृष्टी प्रत्यक्ष डावात दाखवली. दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे. अशा वेळी प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीकडे झुकतो, असं पुस्तकं सांगतात. शिरोव्हचा उंट एफ-५ वर स्वतःच्याच राजाच्या वाटेत उभा होता. त्याने तो उंट एच-३ वर चक्क फुकट देऊन टाकला. त्यात मिळालेल्या एका चालीच्या सवडीत राजा ई-४ कडे निघाला आणि मोकळ्या प्याद्यांना मदत मिळाली. ही खेळी आजही थक्क करते.

आणि 12 डिसेंबर 2024, सिंगापूर. विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशविरुद्ध डिंग लिरेनने हत्ती एफ-२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. मोहरे कमी झाले की बरोबरी जवळ येते, हा नेहमीचा हिशेब. पण त्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी-५ वर ठेवला आणि डिंगच्या उंटाची वाटच संपली. उंटही गेले. उरली दोन प्याद्यांविरुद्ध एका प्याद्याची लढत, आणि ती जिंकलेली होती. ती चूक आपल्यालाही लगेच दिसली नव्हती, असं गुकेशने नंतर सांगितलं. अठरा वर्षांचा हा मुलगा त्या क्षणी नेहमीची चाल न करता थांबला, पुन्हा पाहिलं आणि विश्वविजेता झाला.

या चारही ठिकाणी युक्ती लपली होती ती सर्वांना पाठ असलेल्या नियमाच्या आड. दरम्यान, राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची अचूक उत्तरं 2012 पर्यंत मॉस्कोत संगणकाने काढून ठेवली. उत्तर आता क्षणात मिळतं; पाहण्याची सवय मात्र तशी मिळत नाही. म्हणून मुलांना शिकवणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: ओपनिंगच्या चाली पाठ करून घेण्याआधी साव्हेद्रांची स्थिती खऱ्या पटावर मांडा. संगणक बंद ठेवा, हत्ती करायचा हे सांगू नका. मोहरे मोजकेच असल्यामुळे कोणती चाल कशामुळे चालते हे मुलांना स्वतः शोधता येतं, आणि असं शोधलेलं एक उत्तर वाचलेल्या पन्नास उत्तरांपेक्षा जास्त टिकतं.