पीएचडीचा कोड हाही एक प्रकल्पच: सॉफ्टवेअर प्रकल्प व्यवस्थापनाची ओळख



नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना आपण संशोधन पद्धती वाचतो. गृहीतक, नमुना निवड, सांख्यिकी चाचण्या वगैरे. पण पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर विज्ञान शाखेतल्या अनेकांचा बराच वेळ जातो तो कोड लिहिण्यात. कुणी पायथनमध्ये लिहितं, कुणी आरमध्ये, कुणी मॅटलॅबमध्ये. कोड कसा लिहायचा हे शिकवणारे खूप भेटतात. पण ते काम आखायचं कसं, आधी काय करायचं आणि किती वेळ लागेल हे सहसा कुणी सांगत नाही. 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' म्हटलं की हिंजवडीतल्या कंपन्या डोळ्यासमोर येतात, आणि आपला त्याच्याशी काय संबंध असं वाटतं.

संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. आजच्या लेखात आपण या विषयाची ओळख करून घेऊ. वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: चूक लवकर कशी सापडेल? पुढे येणाऱ्या बहुतेक पद्धती याच प्रश्नाभोवती फिरतात.

सोबत एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा विषय आहे मराठवाड्यातले पावसाचे खंड. आठ जिल्हे, प्रत्येकी एक पर्जन्यमापन केंद्र, ३० वर्षांच्या रोजच्या नोंदी. म्हणजे सुमारे ८७ हजार आकडे. पावसाळ्यात सलग किती दिवस कोरडे गेले, हे कोड लिहून मोजायचं आहे.

त्रिकोण आणि तुमची सहा वर्षं

प्रकल्प व्यवस्थापनात सुरुवातीलाच एक त्रिकोण शिकवतात. त्याच्या तीन बाजू म्हणजे कामाची व्याप्ती, वेळ आणि खर्च. एक बाजू ओढली की बाकीच्या हलतात. तिन्ही घट्ट धरून ठेवल्या तर दर्जा ढासळतो.

आता हा त्रिकोण स्वतःला लावून बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा कालावधी साधारणपणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. म्हणजे वेळेची बाजू ठरलेली. फेलोशिप ठरलेली, म्हणजे खर्चाचीही बाजू ठरलेली. तुमच्या हातात उरते ती व्याप्ती. म्हणून 'आठही जिल्हे झालेच पाहिजेत' आणि 'आठ झाले तर उत्तम, पण तीन जिल्ह्यांवरही प्रबंध उभा राहतो' यांतलं काय खरं आहे, हे पहिल्याच वर्षी गाइडशी बोलून लिहून ठेवा.

सॉफ्टवेअरची आणखी एक अडचण आहे. पूल बांधताना अर्धा झालेला खांब रस्त्यावरून दिसतो. कोड '९० टक्के झालाय' असं कुणी म्हटलं तर ते नुसतं बघून कळत नाही. तो चालवून, उत्तर तपासूनच कळतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद घेतली. मोठ्या सॉफ्टवेअरची कामं वेळेत आणि ठरलेल्या खर्चात का पूर्ण होत नाहीत, यावर तिथे चर्चा झाली. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला तो या परिषदेमुळे.

धबधबा: ज्याचं नाव घेतात, त्याने सावध केलं होतं

वॉटरफॉल, म्हणजे धबधबा पद्धत, तुम्ही ऐकली असेल. आधी गरजा लिहायच्या, मग विश्लेषण, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, मग वापर. पाणी जसं वरून खाली येतं तसं काम एका पायरीवरून दुसरीवर उतरतं, परत वर जात नाही.

या पद्धतीचं श्रेय विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या शोधनिबंधाला दिलं जातं. गंमत अशी, की त्या निबंधात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. पायऱ्यांची आकृती आहे, पण सरळ असंच काम करणं धोक्याचं आहे असंही रॉयस यांनी तिथेच लिहिलंय. कारण चाचणी शेवटी येते. प्रोग्रॅम प्रत्यक्षात कसा वागतो हे तेव्हा पहिल्यांदा कळतं, आणि तोवर मागे फिरणं फार महाग झालेलं असतं. नवीन प्रकारचं काम असेल तर आधी छोट्या प्रमाणावर एकदा करून बघा, असाही सल्ला त्यांनी दिला. (मूळ निबंध वाचायची सवय का हवी, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.)

आता संशोधन आराखड्यातलं नेहमीचं वेळापत्रक आठवा. सहा महिने साहित्याचा आढावा, एक वर्ष माहिती संकलन, एक वर्ष विश्लेषण, सहा महिने लेखन. हा धबधबाच झाला की!

आपल्या उदाहरणात यातून काय बिघडू शकतं? पावसाच्या जुन्या नोंदींत काही दिवस रिकामे असतात. समजा, फाइल तयार करताना कुणीतरी त्या रिकाम्या जागी शून्य भरलंय. तुमचा कोड त्या दिवसाला 'कोरडा दिवस' समजणार. दहा दिवसांची नोंद गहाळ असेल, तर भर जुलैमध्ये दहा दिवसांचा खोटा खंड तयार होणार. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कळली तर एका दुपारचं काम. तिसऱ्या वर्षी, प्रबंधाची प्रकरणं लिहून झाल्यावर कळली, तर सगळे आलेख पुन्हा काढायचे.

माणसं वाढवली तर?

उसाच्या फडात दहा कोयत्यांऐवजी वीस कोयते लावले तर तोडणी लवकर उरकते. कारण प्रत्येकाची सरी वेगळी, एकमेकांशी फार बोलावं लागत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसं घातली की उशीर आणखी वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष आज ब्रुक्सचा नियम म्हणून ओळखला जातो.

कारण साधं आहे. नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्याचा वेळ जातो. शिवाय बोलण्याच्या जोड्या वाढतात. पाच माणसांत १० जोड्या होतात, दहा माणसांत ४५ आणि वीस माणसांत १९०. म्हणून सबमिशनच्या दोन महिने आधी एखाद्या ज्युनिअरला 'तू एवढा कोड करून दे' म्हणणं सहसा अंगलट येतं. मदत घ्यायचीच असेल तर सुरुवातीला घ्या, आणि वेगळं काढता येईल असं काम द्या.

अंदाज म्हणजे वचन नव्हे

'किती दिवसांत होईल?' हा गाइडचा आवडता प्रश्न. बॅरी बोहम यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवलं, की प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट असू शकतो. काम पुढे सरकतं तशी ही तफावत कमी होते. म्हणजे 'तीन महिने' याचा अर्थ तीन आठवडे ते एक वर्ष असा काहीही निघू शकतो! हा काही निसर्गनियम नाही, पण बोध उपयोगी आहे. अंदाज एकदाच करून गप्प बसू नका. दर महिन्याला नव्याने करा, आणि एका आकड्याऐवजी 'लवकरात लवकर इतके, उशिरात उशिरा इतके' असं सांगा.

छोटे फेरे

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ॲजाइल जाहीरनामा लिहिला. प्रक्रियेपेक्षा माणसं, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य आणि ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद यांना त्यांनी जास्त महत्त्व दिलं. 'कागदपत्रं नकोतच' असं ते म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. ॲजाइलमधली स्क्रम ही पद्धत जास्तीत जास्त एका महिन्याच्या फेऱ्यांत काम करते. त्या फेऱ्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी काहीतरी चालणारं दाखवायचं.

आपल्याकडे संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्राला प्रगती मांडावी लागते. हाही एक फेराच, पण सहा महिन्यांचा. कोडसाठी तो फार लांब पडतो.

उशिरा सापडलेल्या चुकीची किंमत

प्रथिनांच्या त्रिमितीय रचना शोधणाऱ्या एका अमेरिकी प्रयोगशाळेने डिसेंबर २००६ मध्ये 'सायन्स'मधले आपले तीन शोधनिबंध मागे घेतले. त्याच चुकीमुळे एकूण पाच निबंध मागे घ्यावे लागले. प्रयोगशाळेतच वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये माहितीचे दोन स्तंभ उलटे वाचले जात होते, त्यामुळे रचना चुकीची निघत होती. पहिला निबंध २००१ चा. चूक लक्षात आली ती दुसऱ्या गटाने तशाच एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केल्यावर. पाच वर्षं गेली, आणि मधल्या काळात इतरांनी त्या रचनांवर विसंबून काम केलं ते वेगळंच.

मग सुरुवात कशी करायची?

१. पहिल्या आठवड्यात आरपार जा. एक केंद्र, एक पावसाळा, एक आलेख. कोड ओबडधोबड चालेल, पण मूळ फाइलपासून आलेखापर्यंत पोहोचला पाहिजे.

२. एक उत्तर हाताने काढा. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो. एका जुलै महिन्यातले खंड वहीवर मोजा आणि कोडच्या उत्तराशी जुळवा. कोड बदलला की हीच तपासणी पुन्हा करा.

३. गिट वापरा. 'फायनल', 'फायनल२', 'फायनलनक्की' अशा फाइली नकोत. काय बदललं आणि का, हे एका ओळीत लिहा.

४. आठवड्यात मावेल एवढंच काम घ्या, आणि 'झालं' म्हणजे काय ते आधी लिहा. 'डेटा साफ करणे' हे मोघम झालं. 'बीड केंद्राच्या गहाळ नोंदी शून्यापासून वेगळ्या करणे' हे तपासता येतं.

५. सिनिअरचा कोड जसाच्या तसा घेऊ नका. जून १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. एरियान ४ साठी लिहिलेला कोड तसाच ठेवला होता, आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग त्या कोडमधल्या संख्येच्या मर्यादेत मावला नाही. जुन्या कामात बरोबर असलेला कोड तुमच्या कामात बरोबर असेलच असं नाही.

६. गाइडला दर पंधरा दिवसांनी आलेख दाखवा. 'काम चालू आहे' यात कुणाला चूक दिसत नाही, आलेखात दिसते.

तुम्ही सध्या आराखडा लिहीत असाल तर त्यातल्या वेळापत्रकात एक छोटा बदल करून बघा. पहिल्या सहा महिन्यांत साहित्याच्या आढाव्यासोबत 'एका केंद्रावर प्राथमिक विश्लेषण' ही ओळ घाला. मुलाखतीत 'हे काम सहा वर्षांत होईल का?' असं विचारलं, तर 'एवढा भाग करून पाहिलाय, इथे अडचण आली, म्हणून व्याप्ती अशी ठरवली' असं सांगता येईल. समितीला त्यातून तुमची तयारी दिसेल. आणि पुढे चूक निघालीच, तर ती तुमच्याच टेबलावर निघेल, शोधनिबंध छापून आल्यावर नाही.

पुढच्या लेखात गिटची सुरुवात कशी करायची ते पाहू. तोपर्यंत एक केंद्र, एक पावसाळा!