हातोडी आणि तार यांच्यामधली लोकर

उभ्या पियानोचं पुढचं झाकण काढलं की हातोड्यांची रांग दिसते. पट्टी जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते, पण तेवढ्यात तारेवर टेकलेला दाबक बाजूला सरतो, हातोडी झेपावते आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी सुटी होऊन उरलेलं अंतर स्वतःच्या वेगानं कापते. अनेक उभ्या पियानोंना मधलं एक पेडल असतं. ते दाबून अडकवलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, थर येतो. शेजाऱ्यांची झोपमोड न होता सराव करता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. बर्लिनच्या निल्स फ्राम या पियानोवादकानं असाच थर घालून, माइक तारांच्या अगदी जवळ नेऊन रात्री वाजवलं आणि 2011 साली ‘फेल्ट’ याच नावानं ते ध्वनिमुद्रण आलं. आजच्या एकल पियानोसंगीतात हा आवाज सगळीकडे ऐकू येतो. त्याचं हळुवारपण चटकन भावतं, पण मला मोलाचं वाटतं ते दुसरंच: पियानो हे लाकूड, लोखंड आणि लोकर यांचं यंत्र आहे, हे त्यानं पुन्हा ऐकू येऊ दिलं.

मऊ थरामुळे हातोडी तारेला थोडा जास्त वेळ लागून राहते आणि वरचे उपस्वर दबतात. आवाज लहान होतो, म्हणून माइकची पातळी वाढवावी लागते. मग पट्टी तळाला टेकल्याचा ठोका, दाबकांची सरसर, बाकाची करकर हेही वर येतं. याउलट, मोठ्या सभागृहांसाठी पियानो घडवणाऱ्यांनी बिडाची चौकट घालून तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास नेला, तो शेवटच्या रांगेपर्यंत निखळ स्वर पोचावा म्हणून. तंबोरा लावणारा जवारीवर सुताचा दोरा सरकवून उपस्वर खुलवतो, इथे लोकर ते झाकते. नाद कसा हवा हे मात्र तंबोरा लावणारा आणि पियानोवादक दोघंही वाजवण्याआधी, हातानं ठरवतात.

यात नवं काय, असं कुणी विचारेल. तंत्र जुनंच आहे. संगीतकार शूबर्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोंत तारांपुढे कापड आणणारी सोय असेच, आणि संगीतकार जॉन केजनं 1940च्या दशकात तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून रचना केल्या. नवी आहे ती माइकची जवळीक. ‘हे तर कामाच्या वेळी मागे लावून ठेवायचं संगीत’ हा आक्षेप अधिक जड आहे, आणि अनुकरण करणाऱ्या पुष्कळांना तो लागू पडतो. तेच चार स्वरमेळ, तीच लोकर. पण चांगल्या वादकाला हा थर कसोटीला लावतो. मोठ्या आवाजाचा आधार गेल्यावर हळू आणि त्याहून हळू यांमधल्या फरकावरच सगळा डोलारा उभा करावा लागतो. शिवाय, निव्वळ गोडवाच हवा असता तर फ्राम तिथेच थांबला असता. पियानोच्या 88 पट्ट्यांवरून त्यानं वर्षाचा 88 वा दिवस ‘पियानो दिन’ म्हणून साजरा करायला 2015 मध्ये सुरुवात केली आणि त्याच दिवशी ‘सोलो’ हे ध्वनिमुद्रण आणलं. ते वाजवलं होतं पियानो घडवणाऱ्या डेव्हिड क्लाव्हिन्सच्या 3.70 मीटर उंच पियानोवर, ज्याच्यापुढे बसायला जिना चढून जावं लागतं आणि ज्याच्या खर्जाच्या तारा माणसाच्या उंचीहून लांब आहेत.