टेबलावरचा खोका

महाडच्या एसटी स्थानकात सकाळचा पाऊस तिरका येतो आहे. छपराखाली उभं राहायला जागा नाही. पोलादपूरकडची गाडी उशिरानं लागते. दारातून आधी दप्तरं उतरतात, मग मुलं. अकरावीतली एक मुलगी खांबाआड थांबते, डब्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल काढते. "आई, पोचले गं." फोन बंद करून पुन्हा गुंडाळते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण पावसाळ्यात परतीची गाडी केव्हा सुटेल, हे कुणी सांगू शकत नाही. घरच्यांनी फोन हातात दिला तो यासाठीच.

शाळेच्या फाटकावर पाटी आहे : मोबाइल आणण्यास सक्त मनाई. तिच्याखालून सगळे आत जातात.

वर्गात ओल्या कपड्यांचा वास. पंखा मंद फिरतोय. बाकावर तिघंतिघं दाटीनं बसलेली. सर हजेरी घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा एक खोका टेबलावर ठेवतात. "टाका रे. सायलेंट नको, स्विच ऑफ." रांग लागते. काच तडकलेले फोन, रबर लावून बांधलेले फोन, पाठीवर शिवाजी महाराजांचं चित्र चिकटवलेले फोन. मागच्या बाकावरच्या एका मुलाचा हात अजून खिशातच आहे. सर काही बोलत नाहीत, नुसते बघतात. मुलगा उठतो.

तास रंगात आलेला असताना खोका थरथरतो. साऱ्या माना फळ्यावरून खोक्याकडे. कुणीतरी फोन बंद केलेला नाही. "मुंबईवरून बाबा आहेत, सर." या भागात कितीतरी घरांतला कर्ता माणूस मुंबईला. घरी आजी-आजोबा, आणि बोलायला हा एवढा एकच फोन. "मधल्या सुट्टीत कर," सर हळूच म्हणतात. तुटलेला धागा पुन्हा जुळायला बराच वेळ जातो.

शिक्षक कक्षात चहा आलाय. ज्येष्ठ सर कळवळून बोलतात. "रात्री दोनपर्यंत रील बघतात. पहिल्या तासाला डोळे उघडत नाहीत. चार ओळींचं उत्तर स्वतःच्या मनानं लिहीत नाहीत." जीवशास्त्राच्या बाई मान हलवतात, पण पुरत्या पटलेल्या नाहीत. हृदयाचे कप्पे फळ्यावर सपाट दिसतात, फोनवर फिरवून दाखवता येतात. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत फोनवरून शिका असं मुलांना आपणच सांगितलं ना, असं त्या विचारतात. त्या वेळी वाड्यावस्त्यांवरची मुलं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत.

देशाच्या ग्रामीण भागात २०२४ साली झालेल्या पाहणीचे आकडे टेबलावर येतात. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दोघांनाही आपलंच म्हणणं खरं वाटावं, असे हे आकडे. बोलता बोलता ज्येष्ठ सरही फोन काढतात. वरून मागवलेली माहिती आजच भरायची आहे. "आम्ही वर्गात हे करतो तेव्हा पोरं बघत असतात," ते म्हणतात. मला ही त्या चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दुपारी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. रस्ता वळणं घेत चढतो, फोनवरच्या रेषा एकेक करून जातात. इथल्या छोट्या शाळेत मनाईची पाटी नाही. वीज सकाळपासून गेलीय, भिंतीवरचा टीव्ही काळा. गुरुजी रात्री तालुक्याच्या गावी व्हिडिओ उतरवून घेतात आणि स्वतःचा फोन मधे धरतात. भोवती मुलं गुडघ्यांवर. पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की आवाज ऐकू येत नाही. चित्रातलं गुरुजी ओरडून सांगतात. मधेच ते खिडकीशी जातात. तिथं थोडी रेंज मिळते, नदीचं पाणी किती चढलं ते बघता येतं. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी साडेसहा मीटर. ती नदी महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून खाली उतरते, म्हणून इथला पाऊस म्हणजे तिथलं पाणी. २२ जुलै २०२१ चा महापूर, तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीच्या दरडी कुणी विसरलेलं नाही. पऱ्या भरायच्या आत पलीकडची मुलं घरी पोचायला हवीत. गुरुजी त्यांना लवकर सोडतात.

महाडचे ते खोका ठेवणारे सरही पावसाळ्यात स्वतःचा फोन टेबलावर चालू ठेवतात. उलटा ठेवलेला, पण चालू.

तास मोडू नये म्हणून खोका हवाच. पण पुरापावसाची खबर एकट्या सरांच्या फोनवर सोपवून चालणार नाही. महाड-पोलादपूरच्या मुख्याध्यापकांनो, मोबाइलचा नियम ठरवायला बसाल तेव्हा पालकांना आणि एसटीच्या आगाराला सोबत घ्या. जून ते सप्टेंबर शाळेचा एक फोन कार्यालयात चालू ठेवा, आणि त्याचा नंबर प्रत्येक मुलाच्या घरी भिंतीवर लिहिलेला असू द्या.